फोटोत काय आहे?

"आयएमजी, अंडरस्कोर, दोन, शून्य, दोन, चार…" काकांचा फोन आकडे वाचत सुटला होता. काकांना दिसत नाही, टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय, लावून सगळं ऐकतात. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्यावरचा, म्हणजे यात्रेवरचा लेख होता. मजकूर छान वाचला गेला, फोटो आला की नुसते आकडे.

काका म्हणाले, "अरे, नंदीध्वज कुठवर आलेत, तेवढं तरी सांग की!"

मग मीच सांगत बसलो. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, तोल सांभाळत पेललेला तो उंच नंदीध्वज, मागे गर्दी. काकांचा चेहरा खुलला. यात्रा त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली आहे, त्यांना एक वाक्य पुरतं.

ते वाक्य लिहायची सोय आहे. तिला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, तिच्या 1997 च्या नियमांत प्रत्येक चित्रासाठी ती सक्तीची झाली. ती जागा रिकामी राहिली की बिचारा फोन बऱ्याचदा फाइलचं नावच वाचतो. फेसबुकवरही फोटो एडिट करताना हा पर्याय मिळतो. आणि 'यात्रेचा फोटो' एवढंच लिहू नका, काय दिसतंय ते लिहा.

आज संध्याकाळपासून माझे जुने फोटो घेऊन बसलोय. तुमच्यापैकी कुणी लिहितं का हे?