खड्ड्यातले तातय्या

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या घरात पुढची खोली मागाची होती. खड्डामाग. विणणारा जमिनीलगत बसतो, पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर, म्हणजे पायानं दाबायच्या पट्ट्यांवर. तिथल्या कोरड्या हवेत ताण्याचा दोरा तुटू नये म्हणून जमिनीची ओल बरी, असं तातय्या सांगायचे. (घरी आम्ही तेलुगू बोलतो, तातय्या म्हणजे आजोबा.)

साड्या न्यायला व्यापारी यायचा. तो उभा, तातय्या खाली. सहा-सात वर्षांची मी उंबऱ्यावर बसून बघायचे. तो माणूस मोठा आणि आपले तातय्या लहान, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं मला.

थॉमस शुबर्ट या मानसशास्त्रज्ञाच्या २००५ मधल्या प्रयोगांबद्दल वाचलं तेव्हा तोच उंबरा आठवला. मालक-नोकर अशी शब्दांची जोडी पडद्यावर येते, एक वर, एक खाली. अधिकार कुणाचा ते पटकन सांगायचं. अधिकारवाला वर असेल तर उत्तर लवकर येतं, खाली असेल तर वेळ लागतो. पुढे २००७ मध्ये गीसनर आणि शुबर्ट यांनी दाखवलं की कंपनीच्या तक्त्यात साहेब आणि हाताखालच्या लोकांमधली उभी रेघ नुसती लांब केली, तरी तोच साहेब जास्त अधिकाराचा वाटतो. एक रेघ! लहानपणी आपल्याला उचलणारे, रागावणारे सगळे वरूनच येतात; मला वाटतं, मुळं तिथं असावीत. आपली भाषाही तेच बोलते. ‘वरून आदेश आलाय.’ मंत्री ‘पायउतार’ होतो. आणि उतरंड म्हणजे तर एकावर एक रचलेली मडकी.

एकदा व्यापारी दर फारच पाडून मागत होता. तातय्यांनी धोटा थांबवला, चटई पुढं सरकवली.

“आधी बसा. मग दराचं बघू.”

तो बसला. दोघांचे डोळे समोरासमोर आले. दर काय ठरला ते आठवत नाही, पण त्याचा आवाज खाली आला होता, ते पक्कं आठवतंय.

आता मी शाळेत शिकवते. माझं टेबल चौथऱ्यावर आहे. गेल्या पालकसभेत मी खाली उतरून बाकावर बसले, शेजारी एका मुलाची आई, विड्या वळणाऱ्या. दोन वर्षं त्या नुसती मान हलवत होत्या. त्या दिवशी म्हणाल्या, “मॅडम, ह्याचं गणित नेमकं कुठं अडतंय?”