तान्हा पोळा शॉर्ट: हिसक्याचं टायमिंग

मंडळी, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत घरोघर फिरणाऱ्या पोराची ही ॲनिमेशन शॉर्ट. पोराचं आणि नंदीचं रिगिंग (हलवण्यासाठीचा आतला सांगाडा) आधीच झालं होतं. यावेळी सगळा वेळ ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या एनएलए एडिटरनं खाल्ला. तयार हालचालींच्या क्लिप तिथे पट्ट्यांसारख्या (स्ट्रिप) मांडून ताणता-सरकवता येतात.

चालण्याची क्लिप लवकर आटोपली. सायकल (पुन्हा पुन्हा फिरणारी चाल) २४ फ्रेमची, पहिली आणि २५वी पोझ एकच, त्यामुळे रिपीट लावलं तरी सांधा दिसत नाही. बोजारा (सणाची बक्षिसी) मागत फिरणाऱ्या पोराला पुढच्या घराची घाई असते, पण मागे मोठा लाकडी नंदी असला की चाल मंदावतेच. म्हणून प्लेबॅक स्केल १.२५ केला, सायकल ३० फ्रेमची झाली. पुढे सरकण्याचा वेगही त्याच हिशेबानं उतरवायचा, माझ्याकडे सेकंदाला ०.८ मीटरवरून ०.६४. नाहीतर पाय घसरतात.

खरी डोकेदुखी हिसक्याची. नंदी गल्लीतल्या खड्ड्यात अडतो आणि पोरगं दोरी ओढतं, ती २० फ्रेमची क्लिप मला ३२ फ्रेमला बसवायची होती. स्केल १.६ केला की गणित जमतं, पण पोरगं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. स्केल सगळ्याच फ्रेमना सारखं ताणतो. वजन जाणवायला जोर लावण्याआधीचा वेळ वाढायला हवा, हिसका नाही.

त्यावर उपाय साइडबारमध्येच आहे: ॲनिमेटेड स्ट्रिप टाइम. टिक करा, स्ट्रिप टाइमला कीफ्रेम (त्या फ्रेमच्या किमतीची नोंद) द्या आणि ग्राफ एडिटरमध्ये कर्व्ह घडवा. आडवी सीनची फ्रेम, उभी क्लिपची. चढ जितका उभा तितका वेग जास्त, सपाट भाग म्हणजे पोझ थांबलेली. तयारीच्या ६ फ्रेम १५ मध्ये पसरवल्या, हिसक्याच्या ६ फ्रेम ५ मध्ये कोंबल्या, सावरण्याच्या ८ फ्रेमना १२ दिल्या. आता पोरगं खरंच दम लावतं! हँडल ओढताना कर्व्ह कुठे खाली वळू देऊ नका, तेवढ्यापुरती क्लिप उलटी चालते.

नंदीची स्ट्रिप वेगळी ठेवली आहे. घरचा नंदी फरशीवर ओढून मोबाईलवर शूट केला: हात हलतो, दोरीचा झोल निघतो, मग साधारण १० फ्रेमनी नंदी हलतो. मोबाईल ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम), माझा सीन २४, म्हणजे इथे ८ फ्रेम. पण तेवढं अंतर ठेवलं तर पोरगं आणि नंदी एकमेकांचे वाटत नाहीत. म्हणून G की दाबून नंदीची स्ट्रिप सरकवत अंतर ५ फ्रेमवर आणलं. खऱ्यापेक्षा हे बरं दिसतं, आणि शेवटी बघायचं पडद्यावरच आहे.

चाकांना क्लिप दिलेलीच नाही. नंदी किती पुढे गेला भागिले चाकाची त्रिज्या, असा ड्रायव्हर (आपोआप फिरवणारं सूत्र) लावलाय, त्यामुळे स्ट्रिप कितीही ताणा, चाकं घसरत नाहीत. आता घुंगरांचा आवाज. तो हिसक्याच्या पाचव्या फ्रेमला वाजवायचा की नंदी हलल्यावर, यावर घरात दोन मतं आहेत, तुमचं कळवा.