आमचं देवक कळंब

आज चुलतभावाच्या लग्नाचं देवक बसलं. आम्ही कदम, आमचं देवक, म्हणजे लग्नकार्यात पुजायचं कुळाचं चिन्ह, कळंब. कळंब म्हणजेच कदंब. आडनावातच झाड आहे, पण ते ओळखायची वेळ चाळिशीत पहिल्यांदा आली.

आत्याने सकाळीच बजावलं, "डहाळी ओरबाडून आणू नकोस. आधी सुपारी ठेव, हळदकुंकू वाहा, मग माग." ओढ्याकाठी झाड सापडलं. सरळसोट बुंधा, आडव्या पसरलेल्या फांद्या, तळहाताहून मोठी चकचकीत पानं, त्यांवर ठसठशीत शिरा. फुलं नव्हती. पिवळे गोल चेंडू पावसाळ्यात लागतात. सुपारी ठेवून हात जोडले आणि खरं सांगते, गळा दाटून आला. माझे आजोबा, पणजोबा असेच कुठल्यातरी कळंबासमोर उभे राहिले असतील.

भाचा विचारत होता, झाडाला विचारायचं कशाला? आत्या म्हणाली, "आपल्या भावकीतलं आहे ते. ज्यांचं देवक एक, ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आणि देवकाचं झाड तोडायचं नाही, त्याचं लाकूड चुलीत घालायचं नाही." कुणाचं देवक वड, कुणाचं उंबर, कुणाचं पंचपल्लव, म्हणजे पाच झाडांची पानं. आपल्या गावांची नावं तरी बघा, वडगाव, पिंपळगाव, बाभुळगाव. झाडावरूनच आपण पत्ता सांगत आलोय.

डहाळी आता देवघरापाशी आहे. पाऊस पडला की गावच्या घरामागे कळंबाचं रोप लावणार आहे. कुणाकडे असेल तर कळवा, मी न्यायला येईन.