जवारी मोकळी झाली कशामुळे, ते सापडलं!

मागच्या वेळी लिहिलं होतं: मिरजेच्या दादांची 18,000 रुपयांची स्पीकर केबल लावली आणि रेकॉर्डिंगमधल्या तंबोऱ्याची जवारी (तारेचा तो गुंजणारा, झणझणीत नाद) एकदम मोकळी झाली. त्यावर बऱ्याच जणांनी आंधळी चाचणी, म्हणजे कुठली केबल लागलीय ते न बघता नुसतं ऐकून ओळखायचं, घ्यायला सुचवलं. घेतली. 16 पैकी 13 वेळा मी केबल बरोबर ओळखली!

नुसत्या अंदाजाने 16 पैकी 13 किंवा जास्त बरोबर यायची शक्यता शंभरात एकच्या आसपास. म्हणजे फरक खरा होता. मिरजेत सतारमेकरांकडे बसून पाहिलंय, घोडीवरचं सूत केसभर सरकलं तरी नाद बदलतो. पण पाच मीटर वायरीत असं काय सरकणार?

चार संध्याकाळी यातच गेल्या. पुतणी नाणं उडवायची, मी पाठमोरा. केबल बदलो न बदलो, दरवेळी प्लग काढून पुन्हा लावायचा, म्हणजे आवाजावरून सुगावा लागणार नाही. तरी निकाल तोच. शेवटी 200 हर्ट्झचा सूर लावला, ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर बरोबर 2.00 व्होल्ट ठेवले आणि स्पीकरपाशी मल्टिमीटर धरला. दादांची केबल 1.98. माझी जुनी 1.90! जवळजवळ 0.35 डेसिबलचा फरक, आणि अशा चाचणीत 0.1 च्या आत हवा. एवढा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही, ‘मोकळा’ म्हणून जाणवतो. तेच झालं होतं.

जुन्या केबलची तार ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम! ‘प्युअर कॉपर’ म्हणून घेतली होती, राग अजून गेलेला नाही. तांब्याच्या दीडपटीहून जास्त रेझिस्टन्स, त्यात वायर बारीक. शिवाय स्पीकरचा इम्पीडन्स (विजेला होणारा एकूण अडथळा) प्रत्येक सुराला वेगळा, म्हणून नुसता व्हॉल्यूम वाढवून ही तूट नीट भरून निघत नाही.

मग माळ्यावरची घराच्या वायरिंगमधून उरलेली अडीच स्क्वेअर मिलिमीटरची आयएसआय मार्क तांब्याची वायर आठवली. दोन तुकडे ड्रिलला धरून पीळ दिला, टोकांना बनाना प्लग. स्पीकरपाशी 1.98! इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

पुन्हा 16 फेऱ्या, आता दादांच्या केबलविरुद्ध. माझे 9 बरोबर. दादा स्वतः बसले, त्यांचे 7. दोन्ही नुसत्या अंदाजाइतकेच. माझ्यापुरता निकाल लागला: जाड, अस्सल तांबं असेल तर पुढचे पैसे ऐकू येत नाहीत. वायर घेताना आधी टोक खरवडून बघा, मगच पैसे द्या.

तशीच केबल घ्यायला बाजूला काढलेले पैसे आता मागच्या भिंतीला लावायचे ठरवलंय. टाळी वाजवली की ती खणखणते. आवाज शोषायला तिथे गाद्या उभ्या करून बघणार होतो, पण हे लिहिता लिहिताच सुचलं: त्याआधी दादांचा तंबोरा याच खोलीत छेडायचा, जागेवर बसून रेकॉर्ड करायचा आणि तेच स्पीकरवर लावायचं, म्हणजे खरा नाद आणि स्पीकरचा नाद शेजारी शेजारी ऐकता येतील. रविवारी दादा तंबोरा घेऊन येतायत. गादी त्यानंतर.