तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं भारी युरेनियम, मग काढायला एवढी वर्षं का?

"सर, माल एवढा भारी हाय, मग काढायला तीस-तीस वर्षं कशाला?" भूविज्ञानाच्या तासाला कॅनडातल्या सिगार लेक या युरेनियम खाणीचं नाव निघालं की हा प्रश्न ठरलेला. कोल्हापूरच्या पोराला तो पडणारच. खाण म्हटलं की आपल्यासमोर राधानगरी-शाहूवाडीकडचं बॉक्साइट येतं. सड्यावरचा वरचा थर बाजूला सारला की माल हाताशी. पोकलेन लावायचं, डंपर भरायचे.

सिगार लेकचा साठा १९८१ मध्ये सापडला, उत्पादन सुरू झालं २०१४ मध्ये. आपल्या झारखंडातल्या जादूगुड्याच्या खाणीतल्या धातुकात, म्हणजे कच्च्या खनिजात, युरेनियम ०.१ टक्क्याहूनही कमी. तिथे ते १५ टक्क्यांच्या आसपास! अडचण नेमकी याच श्रीमंतीत आहे. इतक्या कसदार धातुकाला माणूस भिडवता येत नाही. त्यातून गॅमा किरण निघतात, शिवाय झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेला रेडॉन हा किरणोत्सारी वायू खाणीत येऊन हवेत मिसळतो.

आणि पाणी तर अफाट. साठा जमिनीखाली सव्वाचारशे-साडेचारशे मीटरवर, वर सगळा पाण्यानं तुडुंब वालुकाश्म. २००६ मध्ये बांधकाम चालू असताना खडक ढासळला, पाणी घुसलं, भुयारं बुडाली. उपसा करून पुन्हा कामाला लागेपर्यंत वर्षं गेली.

म्हणून तिथे आधी जमीन गोठवतात. खडकात बोअर मारून पाइप सोडायचे आणि त्यांतून शून्याच्या बऱ्याच खाली नेलेलं खारं पाणी फिरवत राहायचं. बर्फाच्या कारखान्यात लादीच्या डब्यांभोवती फिरतं, तसलंच. खडकातलं पाणी गोठून घट्ट व्हायला महिनोन्‌महिने लागतात. त्याला घाई चालत नाही. मग धातुकाच्या खाली, बिनमालाच्या खडकात खोदलेल्या भुयारातून यंत्र वर भोक पाडतं. प्रचंड दाबाच्या पाण्याचा फवारा गोठलेलं धातुक कापतो, त्याचा रबडा पाइपातून खाली येतो, आणि रिकामी पोकळी काँक्रीटनं भरली जाते. माणूस धातुकाला शिवतच नाही. खाणकामातली ही करामत मला कुठल्याही टक्केवारीपेक्षा मोठी वाटते. उशीर झाला म्हणून कुणी नाक मुरडलं की मला राग येतो.

"मग आपल्याकडं हाय का?" हा पुढचा प्रश्न. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये युरेनियम नगण्य. पण बेळगाव जिल्ह्यात देशनूरजवळ, सिगार लेकसारखाच जुन्या खडकावर वालुकाश्म जिथे टेकतो तिथे, अणुखनिज खात्यानं शोध घेतलाय. सहलीला तिकडे गेलात तर ती सांधरेघ आधी बघा.