नवानं कटते का?

"मी दोन अंकी संख्या. माझ्या अंकांची बेरीज 9. अंक उलटे केले की मी 27 नं वाढते. सांगा मी कोण?" चौथीतल्या पोरांना अशी कोडी घालतात आणि अडकतात घरातली मोठी माणसं. मग 18 उलटून बघ, 27 उलटून बघ. उत्तर सापडतं, नाही असं नाही. पण ते चाचपडून.

आमच्या यवतमाळकडच्या गावात भाचीनं हे कोडं किराणा दुकानाच्या ओट्यावर टाकलं. सगळे बोटं मोजायला लागले. दुकानदार काकाजी गूळ तोलत होते. मान वर न करताच म्हणाले, "सत्तावीस नं? नवानं भागलं त तीन. मंग दोन आकड्यात तीनचा फरक पायजे अन् बेरीज नऊ. छत्तीस हाय तो."

हे त्यांना शाळेनं नाही, उधारीच्या वहीनं शिकवलं. रात्री गल्ला आणि वही जुळली नाही की ते आधी फरक बघतात. "नवानं कटते का?" कटला, म्हणजे फरकाला नवानं पूर्ण भाग गेला, तर बहुतेक कुठंतरी 63 चे 36 झालेले असतात. नाही कटला, तर कोणाची तरी उधारी मांडायचीच राहिली.

यात जादू काही नाही. 6 एककाच्या घरात असतो तेव्हा सहाच. दशकाच्या घरात गेला की साठ. म्हणजे कमावले 54, स्वतःच्या नऊपट. तिकडून हाकललेला 3 तिसाचा तीन झाला, गमावले 27. चोपन्नातून सत्तावीस गेले, उरले सत्तावीस. दोघांचा व्यवहार नऊच्या पटीतच चालतो, मग फरक दुसरा कुठून येणार?

कापसाच्या हंगामात हेच कोडं अंगावर येतं. माल 4 क्विंटल 60 किलो आणि चिठ्ठीवर घाईत 4.06. अंक तेच, शून्य फक्त एक घर सरकलं. फरक 54 किलो, तोही नवानं कटणारा! 2024-25 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता, म्हणजे चार हजारांच्या वर फटका. शून्याला किंमत नाही म्हणणाऱ्यानं एकदा भरलेली गाडी घेऊन काट्यावर यावं. (अशी चूक शेतकऱ्याच्या बाजूनं झालेली मी तरी ऐकली नाही.)

भाचीचं समाधान एवढ्यावर कुठलं! "काकाजी, अन् तीन अंकी उलटवली त?"

"मामाले इचार तुह्या."

मामानं बिस्किटाच्या खोक्यावर 521 लिहिले, खाली 125. वजा केले, 396. नव्याण्णव चोक तीनशे शहाण्णव. भाचीनं पेन ओढून घेतला, दोन्हीकडच्या मधल्या 2 वर काट मारून 8 केला आणि परत वजाबाकी केली. 581 मधून 185. पुन्हा 396.

"मामा, हा मधला त काहीच कामाचा नाही!"

"जागचा हलला नाही नं तो," काकाजी म्हणाले आणि गुळाची पुडी बांधायला लागले.