भिंत चढाल, पण उतराल कुठून? त्रे चीमे, मार्मोलादा, उरिएयू आणि वेर्दाँ

वानरलिंगी असो की लिंगाणा, सह्याद्रीतल्या सुळक्यावर एक सोय असते. सॅक पायथ्याशी ठेवायची, माथा गाठायचा, आलो त्याच वाटेवर दोर टाकून रॅपल करत (दोरावरून घसरत) उतरायचं आणि सॅक उचलून गावात पिठलं-भाकरीला जायचं. युरोपातल्या मोठ्या भिंतींवर, म्हणजे उंच उभ्या कड्यांवर, ही सवय पहिल्या दिवशीच मोडते. त्रे चीमेची उत्तर भिंत चढलात की उतार असतो डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. मार्मोलादावर चढायचं दक्षिणेकडून आणि घरी यायचं केबल कारने. वेर्दाँमध्ये तर सगळाच कारभार उलटा: गाडी माथ्यावर, आधी दोरावरून दरीत, मग चढत चढत गाडीपाशी. त्यामुळे कुठल्याही भिंतीचा टोपो (चढाईच्या वाटेचा नकाशा) मी शेवटाकडून, म्हणजे उतरण्याच्या वाटेपासून वाचायला घेतो. चढाईची श्रेणी त्यानंतर.

दुसरा फरक वेळेचा. 'बिग वॉल' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतलं योसेमिटी येतं: कड्याला टांगलेलं पोर्टालेज (झोपायचा घडीचा पलंग), दोराने ओढायच्या पिशव्या, भिंतीवरच तीन-चार मुक्काम. इटलीतल्या डोलोमाइट्स पर्वतात पाच-आठशे मीटरची भिंत बहुतेक जण एका दिवसात चढतात. पाठीवर लहानशी सॅक, बाकी काही नाही. म्हणून तिथे ताकदीइतकाच वेगाचा हिशेब लागतो.

त्रे चीमे दी लावारेदोपासून सुरुवात करू. इटलीच्या ईशान्येला, कोर्तिनाजवळ तीन सुळके: चीमा ग्रांदे २९९९ मीटर, चीमा ओव्हेस्त २९७३ आणि चीमा पिक्कोला २८५७. व्हेनिसहून कोर्तिनापर्यंत बस आहे, पुढे मिसुरिना तळ्यावरून टोलचा घाटरस्ता २३२० मीटरवरच्या औरोन्झो हटपर्यंत (हट म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर) चढतो. या रस्त्यासाठी हल्ली गाडीचं आरक्षण आधी ऑनलाइन करावं लागतं. ते न करता पहाटे नाक्यावर उभं राहिलात, तर तो दिवस तिथेच संपला. हटपासून रुंद पायवाटेने लावारेदो हट, तिथून चढून खिंड, आणि खिंडीपलीकडे डाव्या हाताला घसाऱ्यावरून भिंतींच्या पायथ्याशी. एकूण पाऊण ते एक तास.

चीमा ग्रांदेची उत्तर भिंत एमिलिओ कोमिची आणि कोर्तिनाचे अँजेलो व जुझेप्पे दिमाई हे भाऊ यांनी ऑगस्ट १९३३ मध्ये तीन दिवस झुंजून सर केली. चार वर्षांनी कोमिची तीच वाट एकट्याने चार तासांच्या आत चढला. सुमारे ५०० मीटर उंची, पंधरा-सतरा पिच (पिच म्हणजे एका दोराच्या लांबीत होणारा टप्पा). खालचा जवळजवळ अर्धा भाग उभा, काही जागी बाहेर झुकलेला. पिटॉन (कातळात ठोकलेले खिळे) धरून चढलं तर युआयएए या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर श्रेणी सहा, हातांनी चढलं तर सात. (सहा म्हणजे फ्रेंच पद्धतीत साधारण ५सी, सात म्हणजे ६बी.) पुढे उभेपणा थोडा कमी होतो, खोबण्या आणि चिमण्या (माणूस मावेल अशा उभ्या भेगा) सुरू होतात, आणि 'कठीण भाग संपला' म्हणून लोक ढिले पडतात ते नेमके इथे. चिमण्यांत पाझर असतो. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी त्या ओल्या सापडतात. शेवटाकडे डावीकडे सरकणारा ट्रॅव्हर्स, म्हणजे आडवा टप्पा, आहे. तिथे लीड करणाऱ्याने, म्हणजे पुढे चढणाऱ्याने, सेकंडचा (मागून येणाऱ्याचा) विचार करून दोर क्लिप केला नाही, तर सेकंड घसरल्यावर लंबकासारखा झुलतो.

कातळ बेसॉल्ट नव्हे, डोलोमाइट. तिथला ठोकताळा रंगाचा आहे. राखाडी कातळ घट्ट, पिवळा उभा आणि ठिसूळ, काळे पट्टे म्हणजे पाणी वाहण्याच्या जागा. पिवळ्या भागात होल्ड (हाताने धरायचा कंगोरा) बाहेर ओढायचा नाही, खाली दाबायचा. आधी तळहाताने थापटून बघायचा. पोकळ आवाज आला की तो सोडून द्यायचा. खाचा उथळ असल्याने कॅम (खाचेत फाकून बसणारं साधन) बसल्यासारखा वाटतो, पण झटका बसताच खाचेची कडा फुटून निघून येतो. त्यापेक्षा भरवशाची चीज म्हणजे कातळात आरपार पडलेली, डमरूच्या कमरेसारखी बारीक कमान. तिच्याभोवती स्लिंग (पट्टीचा फास) ओवली की उत्तम अँकर मिळतो. त्यासाठी साठ सेंटिमीटरच्या पाच-सहा पातळ स्लिंग आणि एकशे वीसच्या दोन-तीन जवळ ठेवा. वाटेत जुने पिटॉन भरपूर आहेत, काही कित्येक दशकांपूर्वीचे. डोळ्याशी गंज किती, पिटॉन हलतो का, हे बघितल्याशिवाय त्यावर लटकू नये. स्टेशनला, म्हणजे पिच संपल्यावर थांबायच्या जागी, एकाच पिटॉनवर तर कधीच नाही. बाकी सामान: हाफ रोप (जोडीने वापरायचे पातळ दोर) दोन, पन्नास किंवा साठ मीटरचे, क्विकड्रॉ (दोर अडकवायच्या जोडकड्या) बारा ते पंधरा, लहान-मध्यम कॅमचा एक संच आणि थोडे नट (खाचेत अडकवायच्या पाचरी). हेल्मेट पायथ्याच्या घसाऱ्यावरच डोक्यात घाला, कारण वरच्या टीमने पाडलेले दगड तिथेच येतात.

आता वेळेचं गणित. सोळा पिच, प्रत्येकी अर्धा तास म्हणजे आठ तास. सहाला सुरुवात केली तर दोन वाजतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ढग गडगडायला लागतात तेही साधारण त्याच सुमारास. वीस मिनिटांत एक पिच केला तर साडेपाच तासांत बाहेर. हा दहा मिनिटांचा फरक चढण्यात पडत नाही, स्टेशनवर पडतो. दोराचा गुंता, सामानाची देवघेव, 'पुढे कुठे?' म्हणून टोपो उलगडणं यांत तो जातो. टोपोचा फोटो दोघांकडेही हवा. हाका मारताना नाव घेऊन मारा, कारण शेजारच्या वाटेवरही कोणीतरी 'ऑफ बिले' (आता माझा दोर धरू नकोस) ओरडत असतं. उत्तर भिंतीला दिवसभर ऊन जवळजवळ नसतंच. ऑगस्टमध्येही स्टेशनवर हात बधिर होतात, तेव्हा पातळ हातमोजे आणि वाऱ्याचं जॅकेट सॅकमध्ये नाही, हार्नेसला लावलेलं बरं.

माघार घ्यायची तर लवकर घ्या. कडा बाहेर झुकलेला असेल आणि वाट आडवी सरकलेली असेल, तर रॅपल करणारा भिंतीपासून दूर हवेत लोंबकळतो आणि खालचं स्टेशन हाताला लागत नाही. पहिल्याने उतरताना वाटेतल्या पिटॉनमध्ये दोर क्लिप करत स्वतःला भिंतीकडे ओढत जायचं, हाच इलाज. दोराच्या टोकांना गाठी आणि हाताशी प्रुसिक (दोरावर आवळून बसणारा गाठीचा फास) हवंच.

चढाई शिखरावर नाही, शिखराला कमरपट्ट्यासारखा वेढणाऱ्या घसाऱ्याच्या पट्ट्यावर संपते. त्यावरून वळसा घालून दक्षिणेला यायचं आणि नेहमीची वाट पकडायची. पॉल ग्रोमान आणि त्याचे वाटाडे १८६९ मध्ये ज्या अंगाने शिखरावर पोचले, तीच ही बाजू. श्रेणी जेमतेम तीन, पण फसवी. घळी एकसारख्या दिसतात, दगडांच्या खुणेच्या ढिगाऱ्या चुकीच्या घळीतही कोणीतरी रचून ठेवलेल्या असतात. साधारण चूक एकच: घाईने पहिल्याच घळीत घुसणं. आधी एक दिवस खालून दुर्बिणीने ही बाजू पाहून ठेवली तर अर्धा तास वाचतो. रॅपल शक्यतो पंचवीस-तीस मीटरचेच करा. पूर्ण लांबीचा दोर सोडला तर ओढताना कंगोऱ्यात अडकतो आणि खाली माणसं असतील तर त्यांच्यावर दगड पाडतो. एकूण दोन ते तीन तास धरा. साधे बूट हार्नेसला अडकवून वर न्यायचे असतात ते याचसाठी. पायथ्याशी ठेवले, तर ते आणायला संध्याकाळी खिंड पुन्हा ओलांडावी लागते.

पाणी भिंतीवर नाही, पायथ्याशीही नाही. माणशी दीड लिटर न्या. हटमध्ये राहणार असाल तर चादरीची पिशवी स्वतःची लागते आणि रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळीच मिळतं. शाकाहारींसाठी पोलेंता आणि टोमॅटोचा पास्ता आहे. पावाचे गोळे, म्हणजे कानेदेर्ली, साधे वाटतात, पण त्यात बऱ्याचदा डुकराचं मांस असतं. मागवण्याआधी 'सेन्झा कार्ने' (मांसाशिवाय) म्हणून विचारा.

डोलोमाइट्समधल्याच मार्मोलादाची दक्षिण भिंत वेगळ्या मापाची, आठशे-नऊशे मीटर. तिथला कातळ चुनखडीचा आणि सुंदर, पिटॉन कमी, स्वतःचं सामान जास्त. १९०१ मध्ये बिआत्रिस टोमासन ही इंग्लिश स्त्री मिकेले बेत्तेगा आणि बोर्तोलो झागोनेल या वाटाड्यांबरोबर ही भिंत पहिल्यांदा चढली. ही भिंत पुरुषांचीच मक्तेदारी समजणाऱ्यांनी तारीख नीट वाचावी. १९८१ मध्ये इगोर कोलर आणि यिंद्रिख शुस्त्र यांनी काढलेली 'मासा' ही वाट अजूनही जगभरच्या क्लाइंबरांना बोलावते. भिंतीच्या मध्यावर माशाच्या आकाराची कपार आहे, मुक्काम करणारे तिथेच करतात. पहिल्या खेपेला मात्र 'डॉन किहोते' बरी, १९७९ ची, श्रेणी सहाच्या आसपास.

इथला सगळा हिशेब शेवटच्या केबल कारशी बांधलेला आहे. ती दुपारी उशिरा बंद होते. नेमकी वेळ आदल्या दिवशी माल्गा चापेलाच्या स्थानकावर जाऊन पाहा. चुकली, तर ३२०० मीटरच्या वर रात्र किंवा उत्तरेच्या हिमनदीवरून उतरणं. आणि क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाला लावायचे खिळे) तर तुम्ही वजन नको म्हणून आणलेले नसतात. त्या हिमनदीचा तुकडा ३ जुलै २०२२ रोजी कोसळून ११ जण गेले. दुपारच्या उन्हात तो पर्याय मी पर्यायांत धरत नाही.

स्पेनच्या पिकोस दे एउरोपामधला पिकू उरिएयू, २५१९ मीटर, आपल्या सुळक्यांची सवय असलेल्यांना लगेच आपला वाटेल. पश्चिम भिंत पाचशे मीटरच्या वर, पायथ्याशी १९५३ मीटरवर हट, पांदेबानो खिंडीपासून तीन तासांची चाल. उतार दक्षिणेच्या बाजूने, ठरलेल्या रॅपल स्टेशनवरून. समुद्र जवळ असल्याने धुकं अर्ध्या तासात येतं आणि मग पुढचं स्टेशन दिसत नाही. म्हणून शिखरावरून निघण्याआधी पहिल्या दोन रॅपलची दिशा होकायंत्रावर पाहून ठेवा.

हंगामाचा एक पेच आपल्याकडच्यांनाच आहे. डोलोमाइट्सचा मोसम जुलै ते सप्टेंबर, आणि सह्याद्रीत तेव्हा कातळाला हात लावायची सोय नसते. मे अखेरपासून चढाई बंद, मग ऑगस्टमध्ये थेट चीमा ग्रांदे. सोळा पिचची सवय इनडोअर वॉलवर होत नाही. म्हणून पहिले दोन-तीन दिवस पाच-सहा पिचच्या सोप्या वाटा ठेवा. विम्याचंही आधीच बघा: प्रवास विम्याच्या साध्या पॉलिसीत दोर लावून केलेली चढाई बहुधा वगळलेली असते, आणि हेलिकॉप्टरचं बिल युरोत येतं. आल्पाइन क्लबचं सदस्यत्व घेतलं तर बचावाचा विमा आणि हटमध्ये सवलत दोन्ही मिळतं. मदतीचा नंबर ११२. नेटवर्क नसेल तर मिनिटाला सहा वेळा दिवा किंवा शिट्टी, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटाला तीन खुणांचं येतं.

वेर्दाँ, दक्षिण फ्रान्समधली खोल दरी. इथे एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच जावं. भर उन्हाळ्यात एस्कालेसचा कडा तव्यासारखा तापतो. ला पाल्यू गावात राहायचं, कड्याच्या माथ्यावरून जाणाऱ्या रस्त्यावर गाडी लावायची. 'ला दमांद' ही १९६८ ची जुनी वाट, तीनशे मीटरच्या वर, फ्रेंच ६ए, दरीच्या तळातून सुरू होते. तिथे बोगद्यातल्या पायवाटेने चालत जाता येतं, टॉर्च विसरू नका. ६ए वाचून हलकी समजू नका: वरच्या चिमण्या घासून गुळगुळीत झाल्या आहेत आणि बोल्ट लांब-लांब आहेत.

बाकी बहुतेक वाटांना रॅपल करूनच उतरतात. पहिला रॅपल कठड्यावरून मोकळ्या हवेत जातो, खाली गिधाडं घिरट्या घालत असतात, आणि बघणारे पर्यटक मागे उभे असतात. गडबड इथेच होते. दोर ओढून घेतला की परतीचा मार्ग वरूनच. म्हणून ओढण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: आपण नेमक्या कुठल्या वाटेच्या पायथ्याशी आहोत, ती दोघांच्या आवाक्यात आहे का, आणि जुमार (दोरावरून वर चढायची पकड) किंवा प्रुसिक सोबत आहे का. खात्री नसेल तर दुसरा दोर वरून बांधूनच ठेवा, संध्याकाळी काढता येतो. गाडीची किल्ली चेनच्या खिशात घाला. तीनशे मीटर वर गाडीत राहिलेलं पाकीट आठवलं तरी तिथवर पोचायला दहा-बारा पिच लागतात.